बाबांचा लिटर

एक लिटर म्हणजे हजार मिलिलिटर, हे वाक्य मी गेली वीस-बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. त्याखाली एक बाटली काढते, शेजारी बादली काढते आणि बादलीत किती बाटल्या मावतील ते विचारते. मुलं अंदाज करतात, मी त्यांच्या अंदाजांना हसते. म्हणून सांगायला जरा लाज वाटते, पण २०१६च्या उन्हाळ्यात जवळजवळ दोन महिने आमच्याच घरात लिटर चुकीचा होता, आणि तो रोज सकाळी मी माझ्या हाताने मोजत होते.

घर आमचं झाईला. माझी शाळा आत, झरीच्या बाजूला. मिस्टर वापीला कंपनीत, सकाळी जातात ते अंधार पडल्यावर उगवतात. घरात सासूबाई आणि सासरे, म्हणजे आई आणि बाबा. त्या वर्षी मार्चमध्ये बाबांच्या छातीत पाणी झालं. आठ दिवस डहाणूला दवाखान्यात काढले. सोडताना डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "हृदय थकलंय. पाणी बाहेर टाकायची ताकद नाही, म्हणून ते आत साचतं. आता दिवसाला एक लिटर. पाणी, चहा, दूध, डाळ, ताक, सगळं मिळून एक लिटर. मीठ अगदी नावाला. रोज सकाळी वजन करायचं. पाय सुजले, वजन चढलं की मला फोन. नाहीतर परत भरती."

बाबा म्हणाले, "डॉक्टर, एक लिटरमध्ये माझी म्हैस नुसते ओठ ओले करायची."

डॉक्टर तरुण होते, हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहे. गणित आणि विज्ञान."

"मग मला काळजी नाही," ते म्हणाले.

हे वाक्य पुढे मला बरेच दिवस चावलं.

रिक्षात बसताना बाबा आईंना हळूच म्हणाले, पण ऐकू मलाही आलं. "इथे परत आणू नका हां. नळ्या लावून ठेवतात, कूस बदलता येत नाही. मरायचं तर ओटीवर मरेन, पण इथे नाही." बाबा कधी असलं बोलायचे नाहीत. आईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "ऐकलंस ना?" ऐकलं होतं. तिथून पुढे ही जबाबदारी माझी झाली. मला कोणी दिली नव्हती, मीच उचलली. गणिताच्या बाईला लिटर मोजायला काय लागतं?

माझी पद्धत साधी होती. सकाळी एक लिटर पाणी मोजून झाकणाच्या किटलीत भरायचं. बाबांना प्यायला पाणी त्या किटलीतलंच. चहा घेतला, तर कपभर पाणी किटलीतून काढून तुळशीला घालायचं. वाटीभर आमटी खाल्ली, तर वाटीभर पाणी तुळशीला. किटली रिकामी झाली की दिवस संपला. वही नको, बेरीज नको. मला ही पद्धत इतकी आवडली की मी ती शाळेत दोन बाईंना सांगितली. त्यातल्या एकीने विचारलं, "आणि तुळस मेली तर?"

लिटर मोजायला मी शाळेतून प्लॅस्टिकचा जग आणला होता, बाजूला रेघा असलेला. बाबांनी तो हातात घेतला, उलटा केला, बुडाला टिचकी मारली.

"हे माप आहे?"

"हो बाबा."

"उन्हात ठेव, फुगेल. गरम पाणी घाल, वाकडं होईल. असल्या मापाने माझं पाणी मोजणार तू, मास्तरीण?"

बाबा मला लग्नापासून मास्तरीणच म्हणत आले. तेव्हा मी डी.एड.ला होते, पण त्यांना घाई होती.

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बाबांनी चाळीस वर्षं दूध घातलं. घरच्या म्हशी, सायकलला दोन्ही बाजूंना कॅन, आणि पहाटे झाईपासून खाली बोर्डीपर्यंत आणि वर गुजरातच्या हद्दीत दोन वाड्या. कॅनच्या तोंडाशी लटकवलेलं पितळेचं माप, लांब दांड्याचं, दांड्याचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं. बाबा ते माप कॅनमध्ये सरळ खाली सोडत आणि सरळ वर काढत. तिरकं नाही, हिसका नाही. उंचावरून ओतून फेस करायचा आणि फेस दुधाच्या भावाने विकायचा, हे त्यांच्या मते चोरीपेक्षा वाईट, कारण चोर निदान लपून येतो. पिशवीचं दूध घरोघर पोचलं तेव्हा त्यांनी सायकल ठेवून दिली. पण अजूनही बाजारात कोणी म्हातारी भेटली तर म्हणते, "काका, तुमच्या मापाची बात और होती."

तर ते माप. बाबांनी आईंना सांगितलं, "माळ्यावरचं काढ." आईंनी काढलं, चिंच लावून घासलं, आतून कल्हई बरी आहे का बघितलं. पितळ उजळलं तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या मापावर चाळीस वर्षं कोणी बोट ठेवलं नाही." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि खाली थोडी आंबट चव होती. ती का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मला ते माप हातात घेऊन भरून आलं. खरंच आलं. मनात म्हटलं, घरात असं माप असताना मी प्लॅस्टिकचा जग आणते, काय ही शिकलेली माणसं. दुसऱ्या दिवशी जग शाळेच्या कपाटात परत ठेवला. मुलांना मी दरवर्षी सांगते, मोजण्याआधी माप तपासा. स्वतःला सांगायचं राहिलं.

आणि मग सुरू झाला आमचा उन्हाळा.

तहानलेल्या माणसाची अक्कल किती तेज चालते, हे ज्याने बघितलं नाही त्याने बाबांना बघायला हवं होतं. तिसऱ्याच दिवशी पेजेवरून वाद झाला.

"पेज हे पाणी नाही," बाबा म्हणाले. "पेज हे जेवण आहे."

"बाबा, त्यात तीन वाट्या पाणी आहे."

"होतं. आता ते तांदळाने घेतलं. तांदळाचं झालं."

"पोटात गेल्यावर ते परत तुमचं होतं."

"म्हणजे भातातलंही मोजशील?"

मी गप्प बसले, कारण मोजत होते. आदल्याच दिवशी मी वाटीभर तांदळाला किती पाणी लागतं आणि किती वाफ होऊन जातं याचा हिशेब करत ओट्याशी उभी होते आणि माझी पोळी जळाली होती. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "भात धरू नका मॅडम, पेज धरा." मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला विचार, मऊ भात केला तर?"

मग ताडगोळे. एप्रिलमध्ये आमच्याकडे ताडगोळ्यांना काय तोटा. शेजारची बाई पानात बांधून आठ ताडगोळे देऊन गेली. बाबांनी मी शाळेतून यायच्या आत सहा खाल्ले. "फळ आहे," ते म्हणाले. फळ खरं, पण त्याच्या पोटात पाणीच. मी उरलेले दोन घेतले, एक फोडून त्यातलं पाणी चमच्याने मोजलं, आणि दुसरा काठोकाठ भरलेल्या पेल्यात सोडून किती पाणी सांडतं ते बघितलं. आई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, खायचे असतात ते." शेवटी मी सहा ताडगोळ्यांचा एक पेला धरला आणि पेलाभर पाणी तुळशीला घातलं. बाबा ओटीवरून ओरडले, "अगं, तुळशीला तरी मोजून घाल, तिचंही हृदय असेल."

चहाचा प्रकार वेगळा. कप ठरलेला होता, निळ्या फुलांचा, सर्वांत लहान. पण बाबांचा हात दूधवाल्याचा. आई कप काठापर्यंत भरत, आणि बाबा म्हणत, "अजून एक थेंब. अजून एक." चहा काठाच्या वर फुगलेला दिसायचा, पोट आल्यासारखा, पण सांडायचा नाही. तसा कप हातात धरून ते स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत चालत जात, एक थेंब खाली न पडता. मी वर्गात मुलांना हे समजावते, पाणी काठाच्या वर कसं धरून राहतं ते. घरात मला ते बघून रडू यायचं बाकी होतं.

चूळ भरताना गिळतात का, हेही मी बघायला लागले. दात घासताना मागे उभी. बाबा आरशातून माझ्याकडे बघायचे, तोंडात पाणी धरून, गाल फुगवून, आणि मुद्दाम वेळ लावायचे. मग थुंकून म्हणायचे, "मोज."

हे सगळं विनोदाने सांगते आहे, पण तेव्हा हसू येत नव्हतं. कारण पाय उतरत नव्हते. रोज सकाळी मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबायची. खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा, पिठात बोट रुतल्यासारखा. वजन पहिले आठ दिवस जरा कमी झालं, मग थांबलं, आणि एप्रिलच्या शेवटी वर चढायला लागलं. झोपताना दोन उशा पुरेनात, तीन लागल्या. मी फोन केला.

"मॅडम, एक लिटर म्हणजे एकच ना?"

"डॉक्टर, मी स्वतः मोजते."

"मग कुठून तरी शिरतंय. शोधा. मे महिन्यात असंच राहिलं तर मला भरती करावं लागेल."

कुठून तरी शिरतंय. गळक्या छपराबद्दल बोलावं तसं ते बोलले, आणि मी तशीच घरभर हिंडायला लागले. मोरीतला तांब्या उचलून स्वयंपाकघरात आणला. शेजारणीला सांगितलं, काही देऊ नका, ताक नाही, कलिंगड नाही, चिकूसुद्धा नाही. ती म्हणाली, "चिकूत कुठे पाणी?" मी म्हटलं, "सगळ्यात असतं." ती माझ्याकडे जरा काळजीने बघून गेली. मिस्टरांना रात्री विचारलं, तुम्ही बाबांना काही पाजता का. ते म्हणाले, "मी घरी असतो कधी?" हे खरं होतं, आणि ते त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं की माझं डोकं आणखी फिरलं.

मग मी ते केलं ज्याची मला आजही लाज वाटते. आईंना विचारलं, "आई, माझ्यामागे तुम्ही त्यांना चहा देता का?"

आई भाजी निवडत होत्या. हात थांबला. "मी?"

"नाही म्हणजे, तुमचा जीव असतो, देत असाल घोटभर…"

"चाळीस वर्षं या माणसाने मला फसवलं," आई म्हणाल्या, "आणि मी त्याच्यासाठी तुला फसवीन?"

मला यातला पहिला भाग कळलाच नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. त्या दिवसापासून आई स्वतःचा चहा मागच्या दारी, गोठ्याच्या पायरीवर बसून पिऊ लागल्या. मला वाटलं, माझ्यावर रागावल्या. दोन दिवसांनी कळलं, बाबांना चहाचा वास जाऊ नये म्हणून.

मेच्या मधल्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलावलं. सकाळच्या एसटीने जायचं ठरलं. उन्हाचे दिवस, दवाखान्यात रांग, म्हणजे बाबांचा दिवसाचा लिटर बरोबर घ्यायला हवा. किटली एसटीत सांडली असती. म्हणून मी विकतच्या पाण्याची रिकामी बाटली घेतली, एक लिटरवाली, आणि बाबांचं पितळी माप काठोकाठ भरून बाटलीत नरसाळ्याने ओतू लागले.

बाटली भरली. गळ्यापर्यंत आली. तोंडापर्यंत आली. पाणी नरसाळ्यात तुंबलं आणि बाहेर ओघळून ओट्यावर पसरलं. मी माप सरळ केलं. त्यात अजून पाणी होतं.

बाटली चेपलेली असेल. मी दुसरी काढली. पहिलीतलं पाणी मापात परत ओतायचं डोकं राहिलं नाही, नवीन माप भरलं. परत तेच. तिसरी बाटली वेगळ्या आकाराची होती, तिच्यावरही एक लिटर लिहिलेलं. तिच्यातूनही पाणी वर आलं आणि मापाच्या तळाशी कपभर तसंच राहिलं.

मागे वळून बघितलं. बाबा दारात उभे होते, टोपी घालून, एसटीसाठी तयार. माझ्याकडे नाही, बाटल्यांकडे बघत होते.

"बाटलीवाले चोर असतात," ते म्हणाले.

"तिन्ही?"

"धंदाच तसला."

मी माप उचलून खिडकीपाशी नेलं. गेले दोन महिने रोज हातात घेत होते, पण बघितलं आज. काठापासून बोटभर खाली, सगळीकडून फिरलेली, एक बारीक रेघ होती. डाग दिल्याची रेघ. वरचा भाग नंतर जोडलेला होता. इतका सफाईने जोडलेला की पितळ एकच वाटावं.

"बाबा, हे काय आहे?"

बाबा आत आले आणि पाटावर बसले. एसटीला वीस मिनिटं होती.

"उंबरगावला एक तांबट होता," ते म्हणाले. "त्याच्याकडून पट्टी लावून घेतली. माझ्या लग्नाआधीची गोष्ट."

"कशाला?"

"लोकं वर मागायची. माप ओतलं की पातेलं पुढेच धरून ठेवायची. काका, वरची धार. गुजरातेतल्या वाडीवरची म्हणायची, काका, उपरथी थोडुं. द्यायलाच लागायची, रीतच ती. लिटर घातला आणि वर धार नाही घातली, तर लिटर घातलाच नाही. मग काय व्हायचं, जिचं तोंड मोठं तिला मोठी धार. आणि जी बोलायचीच नाही, पदर डोक्यावरून पुढे घेऊन पातेलं मागे ओढायची, तिला काही नाही. तिच्या घरात पोरं जास्त. मला ते बरं वाटेना. म्हणून धार मापातच घातली. सगळ्यांना सारखी. मागायचं नाही, द्यायचं नाही."

"आणि सरकारी शिक्का?"

"शिक्क्याचं माप वेगळं होतं. ते पोत्यात गुंडाळून. साहेब आला की काढायचं. साहेब काय रोज येतो?"

मी हसावं की रडावं ते ठरवत होते, तेवढ्यात आई मागच्या दारातून आत आल्या. चहाचा कप हातात होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे ते बारा लिटर," त्या म्हणाल्या.

बाबांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"मी भरून द्यायची बारा. तुम्ही घालून यायचे साडेदहा. मी विचारलं, तर म्हणायचे सांडलं. रोज सांडतं? चाळीस वर्षं सांडतं?" आईंचा आवाज अजिबात चढला नव्हता, तेच भीतीदायक होतं. "मला वाटलं बोर्डीच्या रस्त्याला कोणी आहे. सबंध आषाढ मी तुमच्याशी बोलले नव्हते. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू पट्टी काढून आणली असतीस."

आई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आणली असती." आणि कप ओट्यावर ठेवून त्यांनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, मला दिसलं नाही. मला बघायला वेळ नव्हता. मला माझा प्रश्न होता.

"बाबा, हे माप मोठं आहे ते तुम्हाला माहीत होतं. मी रोज यानेच भरत होते, समोर. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"नाही."

"पाय सुजत होते. तीन उशा लागत होत्या. परत तिथे न्यायची वेळ आली, जिथे नेऊ नका म्हणालात."

बाबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "तहान लागायची गं," ते म्हणाले.

एवढंच. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की मी माप ओट्यावर आपटलं, आणि लगेच उचलून पोचा आला नाही ना ते बघितलं.

दवाखान्यात मला डॉक्टरांना सांगावं लागलं. मी पेजेचं, किटलीचं, तुळशीचं सगळं सांगून शेवटी मापाचं सांगितलं. प्लॅस्टिकचा जग मी शाळेत परत का ठेवला होता, हे सांगताना माझा आवाज अगदी बारीक झाला. डॉक्टरांनी बाबांचे पाय दाबून बघितले, छाती ऐकली, गोळी वाढवली.

"रोज शंभरावर, दोन महिने," ते म्हणाले. "आणि वरून ताडगोळे."

"ताडगोळे धरलेत," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही गणित शिकवता ना?"

बाबा म्हणाले, "तिची चूक नाही. माप माझं होतं." आणि मग जरा थांबून, "चांगलं माप होतं."

डॉक्टरांनी वाढवलेली गोळी कागदावर लिहिली. "आठ दिवस," ते म्हणाले. "खरा लिटर. आठ दिवसांत उतरलं तर ठीक, नाहीतर बेड सांगून ठेवतो."

येताना बाजारातून रेघांचा जग घेतला. घरी येताच आधी बाबांचं माप काठोकाठ भरून त्यात रिकामं केलं. अकराशे तीस. मी ते तीनदा केलं, कारण आता माझा कशावरच विश्वास नव्हता, जगावरही नाही. आईंनी माप परत माळ्यावर ठेवलं. घासून, पुसून, कापडात गुंडाळून.

ते आठ दिवस मात्र वाईट गेले. कपभर पाणी म्हणजे काही नाही असं मला वाटायचं. तहानलेल्याला तोच कप दिवसभर दिसत राहतो. दुपारी चार वाजता किटली रिकामी व्हायची आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. बोलायचे नाहीत, म्हणजे खरंच बोलायचे नाहीत, मास्तरीण नाही, म्हैस नाही. दूध घालणं बंद झालं तेव्हाही ते इतके गप्प नव्हते. पाचव्या दिवशी मी किटली त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाले, "नुसता लिटर."

"हो बाबा. लिटरच सांगितलाय."

"धार नाही."

मला चीड आली. पायांची सूज उतरायला लागलेली, वजन दीड किलो कमी, उशी एक कमी झालेली, आणि या माणसाला धार हवी. मी आत गेले आणि भांडी जोरात आपटली. मग सहाव्या दिवशी सकाळी जगात पाणी भरताना माझा हात थांबला. मी नऊशे पन्नासच्या रेघेवर नळ बंद केला. राहिलेलं पन्नास वेगळ्या छोट्या पेल्यात घेतलं.

किटली आणि पेला घेऊन ओटीवर गेले. जगातलं पाणी त्यांच्यासमोर किटलीत ओतलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत. बाबा बघत होते, तोंड पडलेलं. मग मी पेला उचलला आणि त्यातलं पाणी जरा उंचावरून, बारीक धार धरून, किटलीत सोडलं.

"ही वरची," मी म्हटलं.

बाबांनी मान वर केली. किटलीतल्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पेल्याकडे, मग माझ्याकडे. चाळीस वर्षं ज्या माणसाने दूध मोजलं त्याला फसवायला मी निघाले होते, हे मला त्या क्षणी कळलं.

"आधी कमी भरलंस," ते म्हणाले.

मी पेला किटलीशेजारी ठेवला.

"आधी काढून ठेवायचं, मग वर घालायचं. बोर्डीचा दुसरा दूधवाला असंच करायचा. लोक त्याला लई दिलदार म्हणायचे." त्यांनी किटली जवळ ओढली. "मी त्याला चोर म्हणायचो."

"मग उद्यापासून नको?"

बाबांनी पेल्यात घोटभर पाणी घेतलं, ओठ ओले केले आणि पेला खाली ठेवला.

"घाल," ते म्हणाले. "पण उंचावरून नको. फेस होतो."

आठव्या दिवशी डॉक्टरांनी नडगी दाबली, अंगठा काढला, खड्डा भरून आला. बेड नको म्हणाले. एसटीत बाबा खिडकीजवळ बसले, मी शेजारी, मांडीवर बाटली; पेल्यातलं पन्नास घरी झाकून ठेवलेलं. घोलवड गेल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी बाटली दिली. त्यांनी ती उजेडात धरली, पाणी कुठवर आहे ते बघितलं, आणि न पिता परत दिली.

"घरी जाऊन," ते म्हणाले. "धार राहिलीय अजून."